झिऱ्यावरची दुसरी खेप

ज्याने मस्तकावर पाणी धारण केले आणि कंठात विष ठेवले, पण त्या दोहोंची सरमिसळ कधी होऊ दिली नाही, त्या महादेवाला प्रथम वंदन असो. विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला, वाणीच्या देवतेला आणि ज्यांच्या पायाशी बसून चार अक्षरे शिकलो त्या गुरूंना वंदन असो. आमच्या घाटावरच्या महादेवाच्या शिखराचे काम पुरे झाले असून येत्या पौर्णिमेस कलश चढावयाचा आहे. आळीतील तरुण मंडळी परवा घरी आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा सारा जन्म या घाटावर गेला. जुने काही लिहून द्या." त्यांना दीपोत्सवाच्या, पालखीच्या, पुराच्या आठवणी हव्या असाव्यात. त्या पुष्कळ आहेत आणि गोडही आहेत. परंतु लेखणी हाती घेतल्यावर मनात आला तो एक उन्हाळा, आणि त्या उन्हाळ्यातील पाणी. तेच लिहितो. देवाला आपण पाण्याने स्नान घालतो. तेव्हा पाण्याची गोष्ट त्याच्या पायाशी ठेवण्यात अनुचित काही नसावे.

मस्तगडाच्या उताराखाली, कुंडलिकेच्या काठाला लागून आमची आळी आहे. आज घरांची तोंडे रस्त्याकडे आहेत. त्या काळी ती नदीकडे होती. प्रत्येक घराला नदीच्या अंगाला एक ठेंगणे दार असे, दारापुढे दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांच्या शेवटी वाळू. पावसाळ्यात पायऱ्या बुडत आणि घरांच्या जोत्यांवर पुराच्या खुणा उमटत. हिवाळ्यात पाणी आपल्या वाटेने, कुणाला न दुखवता वाहत असे. चैत्र उलटला की नदी वाळूखाली जाई. ती आटली असे आम्ही म्हणत नसू. "आई आत गेली" असे म्हणत असू.

आत गेलेल्या नदीला भेटण्याची वाट म्हणजे झिरा. ओलसर वाळू पाहून हाताने खड्डा उकरावयाचा, कडेला गोटे लावावयाचे, पहिले गढूळ पाणी उपसून टाकावयाचे आणि मग स्वस्थ बसावयाचे. पाणी हळूहळू पाझरून वर येते. ते नारळाच्या करवंटीने घागरीत भरावे लागते. घाई केली की तळ ढवळतो आणि पुन्हा वाट पाहावी लागते. प्रत्येक घराचा झिरा निराळा. काम झाले की त्यावर टोपले पालथे घालून वर बाभळीची फांदी ठेवीत. म्हणजे जनावराने तोंड घालू नये आणि परक्याने हात घालू नये. देवळाच्या पायऱ्यांखालचा झिरा आमच्या घराचा होता. त्यातील पहिला तांब्या महादेवाचा. पैठणचे अध्ययन संपवून मी परत आलो तेव्हापासून नित्यपूजा माझ्याकडे होती, आणि तो तांब्या मीच भरत असे.

शहरात तोवर नळ आले होते. आमच्या आळीच्या तोंडाशी, चौकात एक नळ होता. पण नळात कातड्याची चकती असते हे एकदा कळल्यावर सोवळ्याच्या घरांनी ते पाणी भांडी घासण्यापुरतेच ठेवले. आमच्या घरी या कायद्याची अंमलबजावणी आत्याकडे होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आईवडिलांच्या पश्चात आमच्या घराची सर्वाधिकारी. भरलेल्या घागरीवर कुणाचा पदर वाऱ्याने उडून आला, तरी ती घागर अंगणातील तुळशीला जाई. तिच्या नियमांविषयी कुणी कधी तिला कारण विचारले नाही, आणि तिनेही कधी सांगितले नाही.

मी सांगतो तो उन्हाळा संस्थान विलीन होण्याआधीचा शेवटचा. त्या दिवसांत माणसे एकमेकांकडे जशी पाहत, तसे मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर पाहिले नाही. घाटावर बोलणे चालू असे आणि अनोळखी माणूस पायऱ्या उतरू लागला की ते थांबे. तो पाय धुऊन जाईपर्यंत सारे नदीकडे पाहत बसत. कुठल्याशा गावच्या विहिरीत कुणी काही टाकले, अशी बातमी दर आठवड्याला येई. ती विहीर पाहिलेला माणूस आम्हांला कधी भेटला नाही. पाहिलेल्या माणसाला ओळखणारे मात्र पुष्कळ भेटले. गवळणीच्या चरवीचे झाकण उचलून लोक दुधाचा वास घेऊ लागले. मी रोज सर्व भूतमात्रांचे कल्याण चिंतून संध्या आटोपीत असे, आणि उठल्याबरोबर झिऱ्याभोवतीच्या वाळूत कुणाची पावले दिसतात का, ते पाहत असे.

अशा दिवसांत आळीच्या टोकाच्या घरात एक मारवाडी जैन कुटुंब भाड्याने राहावयास आले. त्यांचे पूर्वज राजस्थानातले; पण यांच्या कित्येक पिढ्या जाफराबादेकडे कापडाच्या दुकानावर गेल्या होत्या. दिवस बरे नाहीत म्हणून दुकान आवरून ते शहरात आले. घरात दृष्टी अधू झालेली सासू, सून, आणि सुनेच्या अंगावर पिणारे मूल. मुलाचा बाप मालासाठी सतत फिरतीवर. टोकाच्या त्या घरापुढे नदीत वाळू नव्हती, कातळ होता. तिथे झिरा लागत नसे. म्हणून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासू भिंतीला हात लावीत आमच्या दारात आली.

आत्याने तिला ओसरीवर बसविले आणि चौकशीला प्रारंभ केला.

"कांदा-लसूण?"

"न्हाई, बाई. घरातच येत न्हाई."

"रात्री जेवता किती वाजता?"

"रात्री जेवतच न्हाई. दिवस मावळायच्या आत सगळं. पाणी बी मंग सकाळीच."

 आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का रे? या तर आपल्याहून वरचढ निघाल्या." तिचा हा गौरव वाट्याला आलेली माणसे आमच्या आळीत फार नव्हती. तिने पाणी दिले, पण अटी घालून. "महादेवाचं पाणी निघालं की मंग तुम्ही यायचं. एकच खेप. काय घागरी भरायच्या त्या एकदाच भरा अन् निघा. झिऱ्याशी रेंगाळायचं न्हाई, अन् दुसऱ्यांदा हात लावायचा न्हाई. हे बराबर ध्यानात ठेवा."

"बराबर," सासू म्हणाली आणि हात जोडून गेली.

काही दिवस सुरळीत गेले. सून येई ती तोंडावरून पदर ओढून. करवंटीने पाणी घेताना तळ ढवळत नसे, जाताना टोपले नीट ठेवी. आळीतल्या कुणाशी ती बोलली नाही. वडीलधाऱ्यांसमोर सुनेने बोलू नये अशी त्यांची रीत, आणि आळीत तिला सारेच वडीलधारे होते. याचा अर्थ शांत दिवसांत मर्यादा असा झाला असता. त्या दिवसांत लोक म्हणाले, "मुकी न्हाई, तरी बोलत न्हाई. का बोलत नसंल?"

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. कचेरीत पेशकार म्हणून सारी हयात घालवून ते निवृत्त झाले होते, पण फिर्यादी-आरोपींची सवय सुटली नव्हती. आळी त्यांना पेशकारसाहेबच म्हणे. त्यांच्या नातवाला वैशाखात जुलाब-वांती सुरू झाली. मागोमाग आळीतील आणखी दोघा मुलांना. वैद्यांच्या पुड्या चालू होत्या. मूल दिवसेंदिवस उतरत होते. पेशकारसाहेबांचा झिरा आमच्या झिऱ्याच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर होता.

एके सकाळी त्यांच्या पत्नी आमच्या दारात आल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"आत्याबाई, तुमच्या झिऱ्याला दुसऱ्यांदा कोण येतं, ठाऊक आहे का?"

"कुणी येत न्हाई. एकच खेप सांगितली आहे."

"सांगितली असंल. मी सज्जातून पाहून राह्यले ना रोज! घागरी घरी नेऊन ठेवती, अन् थोड्या वेळानं परत येती. रिकाम्या हातानं न्हाई. वाटी असती. इकडं पाहती, तिकडं पाहती, तोंडावर पदर धरती, अन् वाटीतलं तुमच्या पाण्यात सोडती. वर काहीतरी पुटपुटती. मी आपलं सांगितलं. तुमचा झिरा, तुमचा देव."

"काय सोडती?"

"ते तिला विचारा. माझा नातू का लोळून राह्यला, ते बी विचारा."

वाळूखाली साऱ्यांचे पाणी एकच असते, हे घाटावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आत्याचा चेहरा पालटला. ती मला एवढेच म्हणाली, "उद्या तू पाहा."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून मी देवळाच्या खांबाआड उभा राहिलो. सून आली, घागरी भरून गेली. काही वेळाने पुन्हा आली. हातात पितळेची लहान वाटी, वर तळहाताचे झाकण. शेवटच्या पायरीवर थांबून तिने दोन्ही अंगांना पाहिले. मग टोपले उचलले, पदराचे टोक ओठांवर धरले आणि ती इतकी खाली वाकली की तिचे कपाळ पाण्याला लागेल असे वाटले. वाटी तिने ओतली नाही. पाण्याच्या पृष्ठाला टेकवून हलकेच कलती केली, जशी आई झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढते. ओठांवरचा पदर हलत होता. मग पुन्हा एकदा मागे पाहून ती झपाझप वर गेली.

मी पाहिले ते एवढेच. पण त्या क्षणी मला त्यातील हळुवारपणा दिसला नाही, मागे वळून पाहणे तेवढे दिसले. ज्याला लपवायचे नसते तो मागे का पाहील? मंत्राचे पुटपुटणे मी जन्मभर ऐकले होते. तरी तिच्या ओठांची हालचाल मला मंत्रासारखी वाटली नाही. ज्या पाण्याने मी थोड्या वेळापूर्वी शिवाला स्नान घातले होते, त्याकडे पाहताना माझ्या अंगावर काटा आला. घरी येऊन पाहिले ते जसेच्या तसे आत्याला सांगितले. 

भिंती एकमेकींना लागून असल्यामुळे ही गोष्ट आळीत लपून राहणे शक्य नव्हते. पुढच्या सकाळी सून वाटी घेऊन दुसऱ्यांदा पायऱ्या उतरली तेव्हा पेशकारसाहेब खाली वाळूत काठी रोवून उभे होते. आजूबाजूच्या दारांत माणसे होती. मीही देवळातून खाली आलो. आत्या वर, आमच्या दारात उभी राहिली.

"बाई, वाटीत काय आहे?" पेशकारसाहेबांनी विचारले.

तिने पदर आणखी पुढे ओढला.

"बोलायचं नसंल तर दाखव. शास्त्रीबुवा, तुम्ही पाहा."

मी दोन पावले पुढे गेलो. तिने वाटीवरचा हात किंचित बाजूला केला. आत पाणी होते. थोडे मातकट, तळाशी वाळूचे कण, वर एकदोन बारीक काळे ठिपके. "पाणी दिसते," मी म्हणालो.

"पाणीच आहे ना?" पेशकारसाहेब तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता. कचेरीत साक्ष घेताना असेल तसा सपाट होता. "मंग काही वांधा न्हाई. एक घोट पी आमच्यासमोर. विषय खतम."

तिने मान हलवली. नाही.

"घोटभर. तुझंच पाणी, तुझीच वाटी."

तिने दुसरा हात वाटीवर घट्ट धरला आणि वाटी छातीशी नेली. मान पुन्हा हलली.

"बिलकुल न्हाई?"

बिलकुल नाही.

दारांतून कुजबूज उठली. कुणीतरी म्हणाले, "घ्या! आणखी कोणता सबूत पाहिजे?" एक बाई म्हणाली, "स्वतःच्या लेकराला तरी दे म्हणावं त्यातलं!" हे शब्द ऐकताच ती अशी दचकली की, मी खरे सांगतो, तिथे असलेल्या प्रत्येकाची खात्री पटली. माझीही पटली. पेशकारसाहेबांनी काठी उचलून आळीच्या तोंडाकडे रोखली.

"चौकात नळ आहे. सरकारी पाणी आहे. तिकडं जायचं. या झिऱ्यावर तुमचं पाऊल दिसलं तर घर खाली करायला लावीन. अन् ती वाटी घेऊन जा. इथं थेंब सांडला न्हाई पाहिजे."

ती वाटी दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता, पायऱ्या चढून गेली. त्या दिवशी मी सायंपूजेचे पाणी वरच्या अंगाच्या दुसऱ्या झिऱ्यातून मागून आणले.

ऊन कलल्यावर सासू देवळात आली. वाटेत कुणी हात दिला नसावा; पायऱ्या तिने चाचपत उतरल्या होत्या. आत्या तेव्हा गाभाऱ्यासमोर वाती वळीत बसली होती. सासू उंबऱ्याच्या बाहेरच टेकली.

"महाराज," ती मला म्हणाली, "घर सोडा म्हणा, सोडतो. पण आजच्या दिवस तेवढी वाटी पाण्यात सोडू द्या. सून सकाळपासून पाणी प्यायली न्हाई. उन्हानं अंगावरचं दूध आटून राह्यलं. लेकरू रडून रडून गप झालं."

"भरलेल्या घागरी आहेत ना घरात?" आत्याने न पाहता विचारले.

"आहेत. गाळून ठेवल्यात. पण वाटी परत गेल्याशिवाय ते पाणी आमचं न्हाई होत, बाई."

"म्हणजे काय? नीट सांगा. काय असतं त्या वाटीत?"

तेव्हा तिने सांगितले. पाणी दुहेरी कापडातून गाळावयाचे. कापडात जे राहते, दिसणारे आणि न दिसणारे, ते सारे जीव. त्यांना आपण आपल्या तहानेसाठी घराबाहेर काढलेले असते. म्हणून गाळलेल्या पाण्यानेच ते कापड हळूच वाटीत उलटे धुवावयाचे. त्याला जिवाणी म्हणतात. ती जिवाणी ज्या पाण्यातून आणली त्याच पाण्यात नेऊन सोडावयाची, उंचावरून नव्हे, पाण्याला टेकवून, आणि आपल्या श्वासानेही त्यांना इजा होऊ नये म्हणून तोंडावर पदर धरून. तोवर घरात कुणी ते पाणी प्यायचे नाही.

"मंग दुसऱ्या कुठल्या पाण्यात सोडा की," आत्या म्हणाली. "खाली पेशकारांच्या झिऱ्यापुढं डोहात अजून थोडं पाणी आहे."

"एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात न्हाई जगत, बाई. माहेर-सासरासारखं न्हाई ते."

"अन् नळ?"

"नळाला परत कसं सोडायचं?" तिने साधेपणाने विचारले.

पण माझा संशय अजून गेला नव्हता. मी विचारले, "मग सकाळी एक घोट प्यायला काय हरकत होती? साऱ्या आळीचे समाधान झाले असते."

म्हातारी माझ्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिली. "महाराज, तेच तर प्यायचं न्हाई म्हणून एवढं सगळं करतो आम्ही."

आत्याच्या हातातील वात अर्धवट राहिली होती. तिने ती खाली ठेवली. "पाणी गाळायचंच, तर झिऱ्यावरच का न्हाई गाळत? लपूनछपून दुसऱ्यांदा यायचं कशाला?"

"गावी विहिरीवर तिथंच गाळत होतो. इथं तुम्हीच म्हणल्या, भरा अन् निघा. रेंगाळायचं न्हाई. दुसऱ्यांदा हात लावायचा न्हाई. तुमचा शब्द मोडायचा न्हाई, अन् धरम बी मोडायचा न्हाई. म्हणून ती बिचारी कुणी पाहत न्हाई असं पाहून यायची."

 आत्याने दाराबाहेर पाहिले. ऊन पलीकडच्या तीरावरील घरांच्या माथ्यावर गेले होते. दिवस मावळला की ती सून सकाळपर्यंत पाण्याला स्पर्श करणार नाही, हे आत्याला आठवले असावे. कारण ती एकदम उठली. "चल," ती मला म्हणाली, "आधी तिला बोलाव. वाटी, घागरी अन् कापड बी घेऊन ये म्हणावं."

आम्ही झिऱ्याशी पोहोचलो तेव्हा आळीची दारे उघडू लागली होती. पेशकारसाहेब खाली उतरले, तसेच, काठीसह.

"आत्याबाई, हे बराबर न्हाई. माझा नातू अंथरुणावर आहे."

"त्याच्यासाठी मी बी सकाळी देवाला साकडं घातलंय, पेशकारसाहेब. पण तुम्ही तिची जी परीक्षा घेतली ना, ती चुकली."

"पिऊन दाखव म्हणालो. त्यात काय चुकलं? बेगुनाह असती तर प्यायली असती."

"उद्या तुम्ही मला म्हणाल, आत्याबाई, कुणाचं उष्टं पाणी पिऊन दाखवा, मंगच तुम्ही खऱ्या. मी पीन का? मेले तरी पिणार न्हाई. तेवढ्यानं मी विष कालवणारी झाले का?"

कुणीतरी हसले. पेशकारसाहेब म्हणाले, "तुमचं सोवळं निराळं."

"निराळं कशानं? माझ्या ताटातल्या नियमाला सोवळं म्हणायचं, अन् तिच्या वाटीतल्या नियमाला जादूटोणा? बसा तिथं. काठी खाली ठेवा, अन् पाहा."

ते बसले नाहीत. पण उभे राहून पाहत राहिले. सुनेने टोपले उचलले, सकाळची वाटी पाण्याला टेकवून कलती केली. मग तिने नव्याने घागर भरली, शेजारीच दुसऱ्या घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड बांधून ते पाणी त्यातून गाळले, कापड वाटीत उलटे धरून धुतले आणि तीही वाटी तिथेच, त्याच पाण्यात सोडली. हे सारे करताना ओठांतले पुटपुटणे चालूच होते. जवळून ऐकू आले तेव्हा कळले, ती आपल्या तीर्थंकरांना नमस्कार करीत होती. मग ती आमच्याकडे पाठ करून बसली, पदर थोडा वर घेतला आणि गाळलेले पाणी ओंजळीने प्यायली. पुष्कळ वेळ प्यायली. पलीकडच्या माथ्यावर अजून ऊन होते.

आत्या म्हणाली, "उद्यापासून इथंच गाळायचं. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. हवं तेवढं रेंगाळा."

पेशकारसाहेबांनी घसा साफ केला. "पाणी पिताना पाहिलं. ठीक आहे. पण शक अजून फिटला न्हाई. पुढं पाहू." आणि ते वर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला, पुष्कळ अंतरावर, आपला नवा झिरा उकरून घेतला.

नातू काही दिवसांनी उठून बसला आणि ताकभात मागू लागला; आळीतली बाकीची दोन मुलेही सावरली. पेशकारसाहेब म्हणत, नव्या झिऱ्याचा गुण. वैद्य म्हणत, पुड्यांचा. आत्या म्हणे, देवाचा. दुखणे कशाने आले आणि कशाने गेले, हे आजही कुणी सांगू शकणार नाही, आणि मीही सांगण्याचा प्रयत्न करीत नाही. पाणी वस्त्राने गाळून प्यावे, हे आमच्या शास्त्रातही सांगितले आहे. मी ते पाठ केले होते आणि इतरांना शिकवीतही होतो. वस्त्रात जे राहते त्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न मात्र मी कुणाला विचारला नव्हता आणि मला कुणी विचारला नव्हता.

संशय एका दिवसात जात नाही. झिऱ्यावर गाळणे सुरू झाले, त्याला दोन दिवस होतात न होतात तोच पेशकारसाहेबांच्या पत्नी पुन्हा आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, ती दुसऱ्यांदा येऊन न्हाई राह्यली आता!"

"मंग बरं झालं की."

"बरं कसं? एवढे दिवस येत होती, अन् आता का न्हाई येत?"

आत्याने हातातले काम सोडून कपाळाला हात लावला. "माय, ती आली तर का आली, न आली तर का न्हाई आली. तुम्ही असं करा, उद्या सकाळी सज्जातून खाली उतरा अन् तिच्याजवळ जाऊन बसा. तुमचे बी डोळे निवतील, तिला बी सोबत होईल."

त्या खरोखरच उतरल्या. पहिल्या दिवशी पाळत ठेवण्यासाठी उतरल्या, यात मला शंका नाही. सून गाळत होती आणि या गोट्यावर बसून वाटीत डोकावत होत्या. घटकाभराने त्यांचा आवाज देवळापर्यंत आला: "अगं, हा बघ एक राह्यला कापडाला चिकटून! धू, धू, नीट धू!"

ते कुटुंब त्या उन्हाळ्यात आळीतच राहिले. सुनेला दूध आले, मूल बाळसे धरू लागले. पेशकारसाहेब नव्या झिऱ्याचेच पाणी पीत राहिले आणि आमच्या झिऱ्यावरून जाताना वाटीकडे एक नजर टाकीत राहिले. मीही सकाळचा तांब्या भरताना पाणी उजेडात धरून पाहत असे. पहिल्या दिवसांत काय टाकले असेल म्हणून पाहत होतो. नंतर नंतर, आत कोण असेल म्हणून पाहू लागलो. महादेवाच्या मस्तकावर ते पाणी मी त्या वर्षापासून गाळूनच घातले, आणि कापडात राहिलेले झिऱ्यात परत नेऊन सोडले. आत्याने ते पाहिले. काही विचारले नाही.

आता कलश चढेल. ज्यांच्या हाती हे लिखाण जाईल त्या वाचकांचे, त्यांच्या घरातील थोरामोठ्यांचे, लेकीसुनांचे आणि पाळण्यातल्या बाळांचे घाटावरचा महादेव रक्षण करो. तुमच्या घागरी भरलेल्या असोत, तुमचे पाणी निर्मळ असो, आणि शेजारी कुणी एकाच पाण्याकडे दुसऱ्यांदा जाताना दिसले, तर तुमच्या दारातून प्रथम जी हाक जाईल ती विचारपुशीची असो. शुभं भवतु.